निरीक्षण कमी पडते

राग जुना झाला की निवतो, असं लोक म्हणतात. माझा तीन वर्षं बरणीत आहे आणि अजूनही झाकण उघडलं की नाकात जातो. निमित्त विचाराल तर फार मोठं नाही. अमरावतीला राजापेठेतल्या एका हॉलमध्ये मला पाच मिनिटं भाजीवाली होऊन दाखवायला सांगितलं होतं, आणि मला भाजीवाली येत नाही, असं तीन शिकलेल्या माणसांनी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, लेखी कळवलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

अकोल्याच्या जठारपेठेत एका चौकाच्या कोपऱ्यावर माझी आई भाजी घेऊन बसते. आमचं वावर शहराबाहेर, विहिरीच्या पाण्यावर. आजा-पणजापासून भाजीपाला आणि थोडी झेंडूची फुलं, एवढंच आमच्या घराला येतं. बाबा पिकवतात, आई विकते. मी दहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की तिच्या शेजारी पोत्यावर बसायचे. पाढे तिथेच पाठ केले. बारावीचा अभ्यास तिथेच केला. कॉलेजात नाटकाचं वेड लागलं तेव्हा संवादही तिथेच पाठ केले, मेथीच्या जुड्या बांधता बांधता. गिऱ्हाइकांना वाटायचं पोरगी देवाचं काहीतरी पुटपुटते आहे.

एकांकिका स्पर्धांमध्ये दोनदा बक्षीस मिळालं. मग बी.ए. झालं, मग एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगचं काम लागलं आणि नाटक सुटल्यातच जमा झालं. अशात मोबाईलवर एक जाहिरात आली. तरुणांसाठी सहा महिन्यांचं अभिनय प्रशिक्षण, अमरावतीला, राहणं-जेवण त्यांचंच, शिकवायला मुंबई-पुण्याची माणसं. वयाची अट पंचवीस. मला पंचविसावं सरत आलं होतं. पुढच्या वर्षी हीच जाहिरात आली असती तर मला ती नुसती वाचता आली असती. म्हणजे ही एकच संधी होती, आणि ती मला इतकी हवी होती की त्याच रात्री बसून मी अर्ज भरला.

त्या अर्जाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. अर्जात एक रकाना होता: वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, शेती. त्याच्या खाली: आईचा व्यवसाय. मी लिहिलं, गृहिणी.

आमच्याकडे सगळे हेच लिहितात. पाचवीत बाईंनी पहिल्यांदा वर्गात फॉर्म भरून घेतला, तेव्हा विचारलं होतं, "आई नोकरी करते का? नाही ना? मग गृहिणी लिहा." चाळीस पोरांनी माना खाली घालून गृहिणी लिहिलं. त्यातल्या निम्म्यांच्या आया त्या वेळी कोणाच्या तरी वावरात निंदण करत होत्या. एकीची आई धुणीभांडी करायची. माझी चौकात बसून अख्ख्या मोहल्ल्याला भाजी पुरवत होती. पण गृहिणी. त्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर माझी आई घरात बसलेली आहे. स्कॉलरशिप असो, बँक असो, परीक्षा असो. हात आपोआप चालायचा. लाज वाटायची म्हणून लिहायचे का? तेव्हा नाही म्हटलं असतं. आता इतकं ठामपणे म्हणवत नाही.

निवड चाचणीचं बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, "मी येतो संगं. अमरावती पाह्यली नाही लय दिवसाची." आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, येतो, जातो. मी म्हटलं दुकान बंद राहील. ती म्हणाली, "राहू दे एक दिस. गिऱ्हाईक काही मरत नाही मेथीबिगर."

खरी भानगड सकाळी निघताना झाली. ती दारात उभी होती आणि तिच्या हातात एक भरलेली मोठी पिशवी होती. पहाटे तोडलेली वांगी, मेथीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो.

"हे काहून?" मी विचारलं.

"त्या साहेब लोकायसाठी."

"आई, ती परीक्षा हाये. तिथं कोणी भाजी नेते का?"

"परीक्षा असो का काही असो. कोणाच्या दारी जाचं तर रिकाम्या हातानं जात नाही. आपल्या घरचं हाये, इकत आणेल नाही."

मी खूप भांडले. पण माझ्या आईशी भांडणं म्हणजे विहिरीच्या काठाशी भांडणं. बायकांचं अर्धं तिकीट काढून आम्ही एस.टी.त बसलो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, आणि पूर्ण वाटभर ती पिशवी आईच्या मांडीवर होती. मध्येच ती फडक्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायची आणि मी खिडकीबाहेर बघत स्वतःचं स्वगत मनात म्हणायचे.

राजापेठेला उतरून आम्ही हॉल शोधला. खाली दुकानं, मधल्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि वर तो हॉल. जिन्यात पोरंच पोरं. कोणी भिंतीशी बोलत होतं, कोणी जबड्याचे व्यायाम करत होतं. माझ्या पुढच्या क्रमांकाची मुलगी अमरावतीचीच होती, छान उंच, धीट. माझ्या ओढणीची पिन तुटली तेव्हा तिनं स्वतःची काढून दिली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तिचा राग येईल आणि तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

पाच-पाच जणांना आत घेत होते. आमची पाळी आली तेव्हा आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत एका लांब टेबलामागे तिघं होते. मधले पाहुणे परीक्षक, मुंबईचे, मानेला मफलर. अमरावतीच्या दुपारी मफलर. एका बाजूला एक शांत बाई, दुसऱ्या बाजूला इथलेच संयोजक. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, शेतातलं आहे. घरचं."

संयोजकांचं तोंड कसंनुसं झालं. "अहो, असं काही घेता येत नाही आम्हाला," ते म्हणाले. मला वाटलं जमीन फाटावी. पण मफलरवाल्या सरांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि ते खूश झाले.

"अरे वा! प्रॉपर्टी आयती आली," ते म्हणाले. "चला, या गटाला एकच प्रसंग. भाजीवाली किंवा भाजीवाला. ज्याला जमेल त्यानं गिऱ्हाईक व्हायचं."

प्रॉपर्टी म्हणजे नाटकात हातात घ्यायच्या वस्तू. माझ्या आईनं पहाटे उठून तोडलेली वांगी अशी क्षणात वस्तू झाली. संयोजकांनी पिशवी उलटी केली आणि सगळं फरशीवर ओतलं. सांबाराचं फडकं सुटलं. मी काही बोलले नाही. माझं एक चुकलं असं नाही, त्या दिवशी माझं ओळीनं चुकत गेलं, आणि त्यातलं हे पहिलं.

आधी सगळ्यांची तयार स्वगतं झाली. माझं बरं झालं असावं, कारण त्या शांत बाईंनी मान वर करून पूर्ण ऐकलं. मग प्रसंग सुरू झाले.

पहिल्या दोन मुलांनी काय केलं ते आता आठवत नाही. मग ती पिनवाली मुलगी उठली. तिनं ओढणी कमरेला खोचली, गालात पान धरल्यासारखा गाल फुगवला, एक हात कमरेवर ठेवला आणि अशी काही आरोळी ठोकली की खालच्या कोचिंग क्लासचे सर थबकले असतील. "ए ताजी ताजी वांगी! या ताई, या वहिनी!" मग गिऱ्हाइकानं भाव कमी करायला सांगितल्यावर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक वांगं त्याच्या अंगावर फेकलं. ते त्यानं चुकवलं आणि पायाखाली चिरडलं. मग तिनं बाजूला पचकन थुंकल्यासारखं केलं. हॉल हसून लोळला. मफलरवाले सर टेबलावर थाप मारून हसले.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? मी सगळ्यांबरोबर, पोट धरून हसले. मग माझी नजर दाराकडे गेली. दार अर्धं उघडं होतं आणि आई चौकटीशी उभी होती. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ती त्या चिरडलेल्या वांग्याकडे बघत होती.

माझा क्रमांक पुकारला.

आता माझी आई भाजी कशी विकते ते ऐका. ती आधी जागा हातानं पुसते. मग पोतं अंथरते. वांगी लावताना देठ आपल्याकडे, पोट गिऱ्हाइकाकडे. मेथीची मुळं सगळी एका अंगाला. दुखावलेला नग पाठीमागे जातो. तो विकायचा नाही, तो संध्याकाळी आपल्या घरी शिजतो. मांडून झालं की ती मान खाली घालते आणि काहीतरी निवडत बसते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या हाताकडे बघते. हात वांग्याचं देठ दाबून बघत असेल तर माणूस घेणार, नुसता वरून फिरत असेल तर नाही. भाव एकदाच सांगते. गिऱ्हाईक निघालं तर हाक मारत नाही. तिसऱ्या पावलाला वळलं तर आपलं, नाहीतर दुसऱ्याचं. दहा-अकरा वर्षं मी तिच्या मांडीला मांडी लावून हे बघितलं आहे. चौकात तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही, आणि सगळ्यांच्या आधी तिचं पोतं रिकामं होतं.

मी तेच केलं. फरशी पुसली. विखुरलेलं एकेक गोळा करून मांडलं. चिरडलेलं वांगं पाठीमागे ठेवलं. सांबार पुन्हा फडक्यात गुंडाळला. गिऱ्हाईक झालेला मुलगा येऊन उभा राहिला, भाव विचारला, मी सांगितला. त्यानं घासाघीस केली, मी मेथी निवडत राहिले. तो निघाला. मी त्याच्या पावलांकडे बघितलं. एक, दोन. तो बिचारा मी हाक मारीन म्हणून वाट बघत तिथेच घुटमळला.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "एनर्जी कुठे आहे? तुम्ही भाजी विकताय की रुसून बसलाय?"

दोघं-तिघं हसले.

"भाजीवाली कधी जवळून बघितली आहे का?"

"हो, सर," मी म्हटलं.

बस. एवढंच. दारात माझी आई उभी होती, मी फक्त बोट दाखवायचं होतं. पण सरांनी माझा अर्ज हातात घेतला होता आणि ते मोठ्यानं वाचत होते, "वडील शेती. आई गृहिणी. हं, बरोबर आहे." त्यांनी अर्ज खाली ठेवला आणि फार मायेनं, समजावून सांगावं तसं म्हणाले, "पिकवणं वेगळं, विकणं वेगळं. तुम्ही घरात वाढलेल्या मुली. बाजारात बसणारी बाई ही वेगळीच चीज असते. तिच्यात आग असते. एकदा मंडईत जाऊन बसा, बघा. निरीक्षण करा. नट म्हणजे निरीक्षण."

गृहिणी हा शब्द दारापर्यंत गेला होता. हे मला दाराकडे न बघताही कळलं.

आमच्या गटाचं संपलं. आम्हाला कागदांवर सह्या करायला थांबवलं होतं आणि फरशीवर भाजी पडलेली होती. कोणीतरी तिच्यावरूनच चालत गेलं. तेवढ्यात आई आत आली. ती कोणाकडे न बघता सरळ जाऊन बसली, पदर सावरला आणि एकेक जुडी उचलून माती झटकायला लागली. तिला ते बघवलं नसणार. भाजी तुडवलेली तिला कधीच बघवत नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

"मावशी, राहू द्या, आमचा माणूस झाडून घेईल," संयोजक म्हणाले. "तुम्ही कोणाबरोबर आलात?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आई माझ्याआधी बोलली.

"कोणासंगंच नाही जी. खाल्ती रोडावर बसतो मी भाजी घेऊन. वर भाजी सांडेल हाये असं पोट्टे सांगून राहिले, म्हून पाह्यले आलो."

इतकं सहज. आवाजात कंप नाही, हाताचं काम थांबलं नाही. माझ्याकडे एकदाही नजर नाही. तिथे तीन परीक्षक बसले होते, दिवसभर खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला, आणि एकालाही संशय आला नाही.

उलट सर खुर्चीतून उठून पुढे आले. "बघा, बघा सगळे," ते आम्हाला म्हणाले. "ही खरी भाजीवाली. बसली कशी बघा. हात बघा. याला म्हणतात अस्सल." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही विशेष बघा. तुमच्यासाठीच आल्यात असं समजा."

मी बघत होते. आई जागा पुसत होती. देठ आपल्याकडे करून वांगी लावत होती. चिरडलेलं वांगं तिनं पाठीमागे ठेवलं. पाच मिनिटांपूर्वी मी केलं होतं त्यात आणि यात काडीचा फरक नव्हता, आणि तो माणूस दोन्ही वेळा त्याच हॉलमध्ये, त्याच चष्म्यातून बघत होता.

"मावशी, एकदा आरोळी मारून दाखवा ना," सर म्हणाले. "ताजी भाजी, ताजी भाजी, अशी."

आईनं मान वर केली. "आमी नाही वरडत साहेब. ज्याचा माल शिळा, त्याचा गळा मोठा."

"क्या बात है!" सर म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. दोनदा विचारून, बरोबर लिहून घेतलं. मी न ओरडता बसले म्हणून ज्या माणसानं मला शिकवणी दिली, त्यानं माझ्या आईचं न ओरडणं वहीत उतरवलं आणि त्याला स्वतःला त्यात काही खटकलं नाही. असली माणसं तरुणांना निरीक्षण शिकवतात. मला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. तुम्हाला भाजीवाली बघायची नव्हती, सर. तुम्हाला आधीच माहीत असलेली भाजीवाली पुन्हा बघायची होती. आणि जी खरी समोर येऊन बसली, तिला तरी तुम्ही कुठे बघितलंत? तिचं नाक आणि माझं नाक एकच आहे. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

आईनं भाजी पिशवीत भरली. जाताना सांबाराची एक जुडी तेवढी त्या शांत बाईंच्या समोर ठेवली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचाही मला राग आहे.

मी खाली आले तेव्हा आई रस्त्याच्या पलीकडे बरीच पुढे चालत होती, अनोळखी बाईसारखी. मी मागून पळत गेले तर तिनं न वळताच सांगितलं, "मांगून ये. वरतून पाह्यते कोणी." गाड्यांच्या गर्दीत आम्ही दोघी अशा अंतर राखून स्टँडपर्यंत गेलो. एस.टी. हलली, राजापेठ मागे पडलं, तेव्हा कुठे ती माझ्या शेजारी सरकून बसली.

मी रडत होते. "तू असं काहून केलं?" मी म्हटलं.

"तूनं कागदावर लिहेल होतं ना, घरीच राह्यते म्हून. मंग मी भाजीवाली निंगाली असती तर खोटं पडलं असतं तुहं. नंबर कापला असता त्याहीनं." मग म्हणाली, "खाली लिहेल राह्यते फारमावर. माहिती खोटी असली तर अर्ज रद्द. मी वाचेल हाये."

सातवी शिकलेली माझी आई. अर्जाचा तळ मी वाचला नव्हता, तो तिनं वाचला होता. ती जागा मला किती हवी आहे हे तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठी तिनं भर सभेत मला मुलगी मानलं नाही. ती चिडली असती, बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती पिशवीतून वांगी काढून तपासत होती. बडनेऱ्याच्या पुढे म्हणाली, "तो मफलरवाला माणूस आजारी होता का?"

आठ दिवसांनी यादी आली. पिनवाल्या मुलीचं नाव होतं, माझं नव्हतं. ज्यांची निवड झाली नाही त्यांना सुधारणेसाठी म्हणून ईमेलवर एक-एक पत्र पाठवलं होतं. माझ्या पत्रात लिहिलं होतं: 'निरीक्षण कमी पडते. ऊर्जा वाढवावी. समाजातील विविध घटकांत मिसळावे.' मी ते झेरॉक्सच्या दुकानातच प्रिंट केलं. मालकानं विचारलं कशाचं आहे, तर मी म्हटलं, वैद्यकीय रिपोर्ट.

घरी मी ते आईला वाचून दाखवलं. समाजातील विविध घटकांत मिसळावे, यावर ती जरा अडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर निघताना तिनं दुसरं पोतं काढलं आणि मला म्हणाली, "चाल. साहेबानं सांगतलं ना बसाले."

टोमणा होता की काय, मला आजही नक्की सांगता येत नाही. मी गेले. कॉलेज सुटल्यापासून कामाच्या नादात मी तिच्याजवळ बसले नव्हते, चार वर्षं तरी. जुनी गिऱ्हाइकं ओळखीचं हसली. कोणी विचारलं लग्न कधी, कोणी विचारलं नोकरीचं काय. मी मेथी बांधत राहिले. डोक्यात ते पत्र भणभणत होतं.

नऊच्या सुमाराला एक बाई आल्या. नव्यानं राहायला आल्या असाव्यात, मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी वांग्याचं देठ दाबून बघितलं, म्हणजे घेणार होत्या. आईनं काट्यावर वांगी टाकली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या कॉलेजातल्या वळणाच्या कपड्यांकडे, पायातल्या बुटांकडे, आणि सहज विचारलं, "या कोण? तुमच्याकडच्या का?"

आई उत्तर द्यायच्या आधी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारल्यासारखं बघितलं.

आईनं आपल्याच पोरीची ओळख द्यायला पोरीची परवानगी मागावी, स्वतःच्या चौकात, स्वतःच्या पोत्यावर बसून. तो सर, ते पत्र, ती गेलेली जागा, या सगळ्याचा राग एकीकडे आणि त्या एका नजरेचा दुसरीकडे ठेवला, तर पारडं कुठे झुकेल ते मला विचारायची गरज नाही. आणि ती नजर काही मुंबईहून आली नव्हती. ती पाचवीपासून माझ्याच हातानं, रकान्या-रकान्यात लिहून मी तिला शिकवली होती.

"मी पोरगी होय इची," मी म्हटलं. गरजेपेक्षा फारच मोठ्यानं निघालं. पलीकडचा पानवाला वळून बघायला लागला. "हे माही आई होय. मी पोरगी."

बाई दचकल्या आणि हसल्या. आईनं वांगी त्यांच्या पिशवीत ओतली, वर सांबाराची काडी ठेवली. मग मान खाली घालून मेथी निवडता निवडता हळूच म्हणाली, "वरडू नोको. माल ताजा हाये."